पाहुणीच्या नावावर

बरणीला तडा गेला असेल तर तो डोळ्यांआधी कानाला कळतो. बारीक लोखंडी कांडीने काठावर हलकेच टिचकी द्यायची. चांगली बरणी टणकन बोलते, तडकलेली बद्द वाजते. बास, एवढंच शास्त्र, बाकी सगळा सराव. काचेच्या त्या कारखान्यात तपासणी विभागातल्या आठ बायका सकाळी आठपासून एका लांब टेबलाशी बसून हेच करायच्या आणि काकू त्यांच्या मागून फेऱ्या मारायच्या. काकू म्हणजे विभागाच्या सुपरवायझर. वय त्रेपन्न, आवाज खणखणीत, सहनशक्ती बेताची. बावीस वर्षं त्यांनी हा एकच आवाज ऐकला होता. पाठ करून उभ्या राहिल्या तरी कुणाची कांडी वाजतेय ते त्या अचूक सांगायच्या. चष्मेवालीची कांडी संथ, एकेक टिचकी मोजून. तिच्या शेजारच्या गाणाऱ्या बाईची ठेक्यात. आणि काकूंच्या सख्ख्या धाकट्या बहिणीची घाईघाईची, दोन टिचक्या आणि मग जरा थांबून तिसरी.

बहिणीला सगळे धाकटीच म्हणायचे. नवरा गेल्यापासून ती काकूंकडे, मागच्या खोलीत राहत होती. "मी तुमच्यावर ओझं म्हणून राहणार नाही, ताई," असं तिनं पहिल्याच दिवशी ठणकावलं होतं, आणि ते ती मान वर करून म्हणू शकली ती या नोकरीमुळे. नोकरी गेली तर ती घरही सोडून जाईल, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. दोघी बहिणींचा हट्टीपणा एकाच साच्यातला.

तर सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग ते ढगातलं सॉफ्टवेअर आलं.

ढगातलं हा काकूंचा शब्द. पूर्वी संध्याकाळी फळ्यावर खडूने आकडा लिहिला की दिवस संपायचा. आता प्रत्येकीनं एक क्रेट तपासून झाला की टॅबवर स्वतःच्या नावाने लॉगिन करायचं, आकडा भरायचा, मग तो आकडा मुख्य कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर रंगीत खांब होऊन उभा राहायचा. ऐकायला झकास! पण टॅब एक, बायका आठ, आणि लॉगिन दाबलं की पडद्यावर एक निळी भिंगरी फिरायला लागायची. फिरायची, फिरायची, आणि फिरतच राहायची. काकूंनी एकदा घड्याळ लावून पाहिलं. अकरा मिनिटं! अकरा मिनिटांत चाळीस बरण्यांचा अख्खा क्रेट तपासून होतो हो. आणि भिंगरी थांबली तरी काय, "काहीतरी चुकले आहे" एवढंच. काय चुकलं, कुणाचं चुकलं, ताकास तूर लागू देईल तर शपथ. बटणांवर नावं नाहीत, नुसते तीन ठिपके, तीन रेघा आणि एक दातेरी चाक. काल आकड्याचा चौकोन उजवीकडे असेल तर आज तो कुठल्या यादीच्या पोटात दडलेला असेल ते देव जाणे. वर आणखी हसरा संदेश : "आम्ही तुमचा अनुभव सुधारत आहोत!"

"माझा अनुभव बावीस वर्षांचा आहे," काकू टॅबला म्हणाल्या. "तू काय सुधारणार, कप्पाळ?"

मदतकेंद्राला फोन केला तर तिथला गोड आवाज म्हणाला, "मॅडम, बंद करून परत चालू करा." काकूंनी तेही केलं, सतरा वेळा. शेवटी हात टेकले.

तोड काढली ती धाकटीनं. सॉफ्टवेअर बसवणाऱ्यानं पहिल्या दिवशी कसं चालतं ते दाखवायला एक नाव उघडलं होतं, 'गेस्ट'. ते तसंच यादीच्या तळाशी राहिलं होतं. धाकटीनं वैतागून त्यावर बोट ठेवलं आणि पडदा क्षणात उघडला. भिंगरी नाही, काही नाही. चौकोन समोर हजर, जणू वाटच बघत बसला होता.

"गेस्ट म्हणजे पाहुणा ना?" चष्मेवालीनं विचारलं.

"आपल्या टेबलाला बसायचं तर पाहुणीच म्हणायचं," धाकटी म्हणाली, आणि आठही जणी खळखळून हसल्या.

त्या दिवसापासून आठही जणींचे आकडे पाहुणीच्या नावावर जायला लागले. काकूंना ते दिसत होतं. पण त्या म्हणाल्या, काम झाल्याशी मतलब, नाव कुणाचं का असेना. त्यांनी कानाडोळा केला. पुढे त्यांनी स्वतःला शंभर शिव्या घातल्या त्या याच एका गोष्टीसाठी.

पाहुणी हा विभागातला लाडका विनोद झाला. टेबलाला जागा नऊ होत्या, नववी खिडकीच्या टोकाला वर्षानुवर्षं रिकामी, तिच्यापुढचा दिवाही कायम बंद. ती पाहुणीची जागा ठरली. कुणी उशिरा आलं की "पाहुणी बघ कशी वेळेवर येते!" कुणी रजा मागितली की "पाहुणीनं घेतली का कधी रजा?" असे दोन महिने मजेत गेले.

मग एका सोमवारी मॅनेजरनं काकूंना वर बोलावलं. तरुण माणूस, स्वभावाने वाईट नाही, पण पडद्यावर दिसेल तेच खरं मानणारा. त्यानं आपला पडदा काकूंकडे वळवला. तपासणी विभागात एकच खांब होता, उंच, हिरवागार. त्याच्या शेजारी आठ नावं आणि आठही नावांखाली शून्य.

"काकू, मुख्य कार्यालय विचारतंय, ही एक बाई सगळं करते, मग बाकीच्या आठ जणी कशाला?"

काकूंनी सगळं सांगितलं, भिंगरीपासून पाहुणीपर्यंत, स्वतःची चूकसुद्धा लपवली नाही. मॅनेजरनं मान डोलावली.

"मला पटतंय हो, पण वरच्यांना पडद्यावर दिसल्याशिवाय पटत नाही. शुक्रवारी चार वाजता अहवाल बंद होतो. तोपर्यंत आठ नावांपुढे आठ आकडे दिसले नाहीत, तर आठ जणींना कमी करतील. माझ्या हातात काही नाही."

"कमी करतील? बघू कसे करतात ते!" काकू उठल्या.

"आणि एक," मॅनेजर जरा अडखळला. "शनिवारी तुमच्या विभागाचे तीनशे साठ क्रेट झाले. छान आहे. पण एवढे कसे झाले?"

काकू दारातच थांबल्या. आठ बायका, प्रत्येकीचे चाळीस, म्हणजे तीनशे वीस. शनिवारी त्यांनी सवयीने फळ्यावरही खडूने तीनशे वीसच लिहिले होते. वरचे चाळीस म्हणजे आणखी एका बाईचं पुऱ्या दिवसाचं काम.

पडदा खोटं बोलतोय, असं मनाशी म्हणत त्या थेट गोदामात गेल्या. तीनशे साठ क्रेट खरोखरच तिथे होते. काकूंनी स्वतः मोजले, दोनदा. वरचे चाळीस वेगळे काढून प्रत्येकातल्या दोन-दोन बरण्या वाजवल्या. सगळ्या चोख. एकही बद्द वाजली नाही.

मंगळवारी दुपारच्या सुट्टीची घंटा झाली आणि आठही जणींनी कांड्या ठेवल्या. काकू टेबलाकडे पाठ करून फळा पुसत होत्या. मागे कांडी वाजत राहिली. टण्. टण्. टण्. चांगल्या सहा-सात टिचक्या झाल्या. काकू वळल्या तेव्हा आठ जणी हात पुसत दाराकडे निघाल्या होत्या आणि टेबल रिकामं होतं. खिडकीच्या टोकाचा दिवा मात्र चालू होता.

"तो दिवा कुणी लावला गं?"

कुणीच लावला नव्हता. काकूंनी बंद करायला हात पुढे केला तर झाकण चांगलंच तापलेलं होतं, सकाळपासून जळत असल्यासारखं.

बुधवारी विभागात हसणं बंद झालं. पाणी प्यायला उठलेली बाई परत यायची तोवर तिचा क्रेट संपलेला असायचा. चष्मेवालीनं सकाळपासून जेमतेम तीस क्रेट केले, कारण तिच्यापुढे बरण्याच उरत नव्हत्या. तडकलेल्या बरण्यांच्या पिंपात कुणी न टाकलेल्या बरण्या पडलेल्या असायच्या, आणि त्या बरोबर तडकलेल्याच असायच्या. गाणाऱ्या बाईनं गाणं सोडलं. एक जण तर म्हणाली, काकू, मी उद्यापासून येतच नाही.

"का नाही येणार?" काकू कडाडल्या. "तुझी जागा आहे ती, तू बसायचंस. आजपासून पाहुणीला कुणी हात लावायचा नाही. जिचं तिचं नाव, मग भिंगरी वर्षभर फिरली तरी चालेल."

गुरुवार सगळा त्या भिंगरीत गेला. एकीचंही नाव उघडलं नाही. घरी जाताना धाकटी वाटभर गप्प होती. दारापाशी आल्यावर म्हणाली, "ताई, मी पलीकडच्या गावात काम बघायला लागते."

"गप गं," काकू म्हणाल्या. "अजून शुक्रवार आहे."

शुक्रवारी काकू सकाळी आठला टॅब पुढ्यात घेऊन बसल्या त्या हलल्याच नाहीत. पहिलं नाव चष्मेवालीचं. भिंगरी. नऊ वाजले. दहा वाजले. चहा आला, गार झाला. सव्वादहाला भिंगरी थांबली आणि अक्षरं आली :

"या जागेवर काम सुरू आहे. आपली पाळी येईपर्यंत थांबा."

दुसरं नाव, तेच. तिसरं, तेच. धाकटीचं नाव आठवं होतं. दोन वाजून गेले होते. "या जागेवर काम सुरू आहे." काकूंनी वर पाहिलं. धाकटी आपल्या जागेवर बसलेली होती, कांडी हातात, पुढ्यात एकही बरणी नाही. डोळे भरलेले. तिला रडताना काकूंनी पुष्कळ दिवसांनी पाहिलं, आणि त्यांचं डोकं फिरलं.

"कांड्या खाली ठेवा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी. हात मांडीवर."

आठ कांड्या टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

मग खिडकीच्या टोकाला वाजायला लागलं. आधी संथ, एकेक, मोजून. मग ठेक्यात. त्या दोन्ही चाली काकूंच्या ओळखीच्या होत्या. चष्मेवालीनं आपले दोन्ही हात छातीशी धरले. मग ती चालही बदलली. दोन टिचक्या. जरा थांबून तिसरी.

"ताई, ती माझी आहे," धाकटी कुजबुजली.

काकूंनी मॅनेजरला खाली बोलावलं. तो आला, टेबलाशी उभा राहिला. आठ बायका, सोळा हात मांडीवर. टण् टण्. टण्. त्याच्या देखत शेवटच्या दिव्याखालचा क्रेट भरत गेला. बरणी हलताना कुणाला दिसत नव्हती, पण मघाशी रिकामा होता तो कप्पा आता भरलेला असायचा.

  मॅनेजरनं फोन काढून त्यावरचा हिरवा खांब बघितला.

"पण काकू," तो म्हणाला, "काम तर होतंय ना."

काकूंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्या नजरेनं तो दोन पावलं मागे सरला.

"होतंय ना काम? मग काम करणाऱ्या बाईला काम सोडताही येतं," त्या म्हणाल्या.

त्यांनी टॅब ओढला आणि यादीच्या तळाशी बोट ठेवलं. पाहुणीचा पडदा क्षणात उघडला. तीन ठिपके. त्यांच्या आत तीन रेघा. त्यांच्या आत दातेरी चाक. एका यादीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. कुठल्याच चित्राखाली नाव नव्हतं. काकूंनी एकही सोडलं नाही. तीन वाजून चाळीस मिनिटांनी सातव्या यादीच्या तळाशी त्यांना एक ओळ सापडली : "कामावरून मुक्तता".

"हिचा राजीनामा देतेय मी," त्या म्हणाल्या.

टिचक्या थांबल्या नाहीत, पण जलद झाल्या.

कारणाची यादी उघडली. आत एकच कारण होतं, "घरगुती". काकूंनी तेच निवडलं. पुढचा चौकोन लाल झाला. पत्ता भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

काकूंनी कारखान्याचा पत्ता टाकला. "अवैध."

"माहीत नाही" असं टाकलं. "अवैध."

तीन पन्नास.

"ताई, काहीही लिही गं!" धाकटी ओरडली.

काकूंना तोंडपाठ असलेला पत्ता आणखी एकच होता, स्वतःच्या घराचा. त्यांनी तो भराभर लिहून टाकला. चौकोन हिरवा झाला.

खाली विभागप्रमुखाच्या सहीची जागा होती. काकूंनी बोटानं सही केली, बावीस वर्षं करत होत्या तशी, खाली रेघ ओढून.

भिंगरी फिरायला लागली. पाहुणीच्या पडद्यावर पहिल्यांदाच.

तीन त्रेपन्न. टिचक्या आता इतक्या जलद होत्या की मधलं अंतर कळेना. आठही दिवे थरथरायला लागले.

"फिर," काकू भिंगरीला म्हणाल्या. "किती फिरतेस ते बघते. मी इथेच बसलेय."

तीन छप्पन.

तीन अठ्ठावन्न.

"मुक्तता मंजूर. हिच्या नावावरचे काम विभागातील इतरांत वाटायचे का?"

काकूंनी "हो" दाबलं. टण् करून एक टिचकी झाली, दुसरी झाली, आणि तिसरी झालीच नाही. खिडकीच्या टोकाचा दिवा विझला.

मॅनेजरच्या हातातल्या फोनवर तो एक उंच हिरवा खांब खाली बसला आणि त्याच्या जागी आठ खांब उगवले, आठ नावांचे. चार वाजले. अहवाल बंद झाला.

"वाचल्या," मॅनेजर म्हणाला. "आठही जणी."

मग काय तो कल्ला! चष्मेवालीनं चष्मा काढून डोळे पुसले. गाणारी बाई हसता हसता रडली. धाकटीनं काकूंच्या गळ्यात हात टाकला तो काढेचना. काकू म्हणाल्या, पुरे गं, लोक बघतायत, पण आतून त्या फुलून गेल्या होत्या. त्यांनी त्या ढगाला पाणी पाजलं होतं, त्याच्याच बटणांनी.

दोघी साडेपाचला घरी पोचल्या. अजून स्वच्छ ऊन होतं. वाटभर धाकटीच बोलत होती. पुढच्या महिन्यात ती मागच्या खोलीला रंग काढणार होती, पिवळा. काकूंनी बेल वाजवली.

दार काकूंच्या नवऱ्यानं उघडलं. काकूंकडे बघून तो नेहमीसारखा हसला. मग त्याची नजर धाकटीकडे गेली, आणि तो घाईघाईनं दारातून बाजूला झाला. शर्टाची कॉलर नीट केली.

"या ना, या," तो धाकटीला म्हणाला. "आत या. बसा." आणि काकूंकडे वळून हलक्या आवाजात, "अगं, कुणाला घेऊन येणार होतीस तर कळवायचंस तरी."

धाकटी हसली. तिला वाटलं, थट्टा चाललीय. रोज चालायची. मग तिनं त्याचा चेहरा नीट बघितला आणि तिचं हसू तिथंच राहिलं.

"अहो, काय बोलताय?" काकू म्हणाल्या. "ही धाकटी आहे!"

"धाकटी?" तो गोंधळून हसला. त्यानं मागच्या खोलीकडे एकदा पाहिलं, मग पुन्हा धाकटीकडे, परक्या बाईकडे बघावं तसं, अदबीनं. "काहीतरीच काय! ती तर केव्हाच आलीय."

काकूंनी बहिणीचं मनगट घट्ट पकडलं. 

"चल आत," त्या म्हणाल्या. "घर आपलं आहे. बघतेच मी कोण आलंय ते."

त्यांनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं. नवरा जरासा ओशाळून स्वयंपाकघराच्या दिशेनं ओरडला, "अगं, एक कप चहा वाढव गं, ताईबरोबर पाहुण्या आल्यात."

आतून लगेच, आनंदानं, धाकटीच्या आवाजात उत्तर आलं.

"वाढवलाय, दाजी."